अठरा सेकंदांची झोळी

आमच्या बोटीचं नाव 'शिगी'. शिगी म्हणजे पाणलावा, चिखलात चोच खुपसत फिरणारा. आमच्या जातीच्या सगळ्याच टॉर्पेडो बोटींना अशी पाखरांची नावं होती. ही जात मुळात अंगाने लहान आणि वर तोफांचा नि टॉर्पेडो सोडायच्या नळ्यांचा भार भलताच, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आमच्या आधीच्या नमुन्यातली एक बोट वादळात चक्क पालथी झाली होती. मग कुठे वरच्या मंडळींना जाग आली आणि आमच्या नमुन्याचा आराखडा बदलला.

टॉर्पेडो बोट म्हणायची, पण मी तिच्यावर होतो त्या तीन वर्षांत शत्रूवर एकही टॉर्पेडो सुटला नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आम्ही आपली मालवाहू जहाजं राखत फिरायचो. जपानातल्या मोजीहून तैवानातलं ताकाओ, ताकाओहून मनिला, आणि परत येताना चारातलं एखादं जहाज गमावलेलं. तीन नळ्यांना मात्र रोज तेल चोळायचं, कारण तपासणीला साहेब आधी नळ्या बघायचा.

मी कुवाजिमा. बारा खलाशांच्या तुकडीचा म्होरक्या, हान्चो. वय अठ्ठावीस, आवाज मोठा आणि हातात दांडका. त्या दांडक्याला नौदलात फार सुंदर नाव होतं, त्याने म्हणे माणसात जिद्द भरली जाते. माझ्या पाठीत लोकांनी भरपूर जिद्द भरली होती, ती मी पुढच्यांना वाटत होतो.

आता झोळीचं सांगतो. बोटीवर झोपायला झोळी. पहाटे ती आकड्यावरून उतरवायची, आतल्या गादी-घोंगडीसकट गुंडाळायची आणि दोरीचे पाच वेढे घालून आवळायची. गादीत सावरीचा कापूस. तो पाणी लवकर पीत नाही, म्हणून नीट बांधलेली झोळी बोट बुडाल्यावर माणसाला तासन् तास तरंगवते. हे भरतीच्या पहिल्या आठवड्यात सांगतात. दुसऱ्या आठवड्यापासून एवढंच सांगतात की झोळी अठरा सेकंदांत बांधून झाली पाहिजे. पहिल्या आठवड्यातलं पुढे कुणी विचारत नाही.

माझ्या तुकडीत अकरा जण अठरा-वीस सेकंदांत बांधायचे. बारावा ताकेजी ओकिमोतो. त्याला तीस लागायचे. उवा नावाच्या समुद्राकाठच्या कोनोउरा गावचा कोळी, रुंद पंजांचा, शांत. प्रत्येक वेढ्यावर गुडघा रोवून दोरी ओढायचा, गाठ मारायचा आणि वर ती अंगठ्याने दाबून बघायचा. त्याच्यापायी आमची तुकडी दर वेळी शेवटची आणि शिक्षा बाराही जणांना.

"काय रे ओकिमोतो, झोळी बांधतोयस की नवरीचा कमरपट्टा?" मी ओरडायचो.

"गाठ बसायला पाहिजे ना हान्चो. आमचे बाबा म्हणतात, समुद्राला घाई नसते, घाई आपल्यालाच असते."

"बाबांना बोलाव इकडे. त्यांच्याही पाठीत चार घालतो."

"ते येतील हो, पण तुमच्या दोऱ्या बघून तेच तुम्हाला घालतील."

पोरं हसली. मीही मनात हसलो आणि त्याला मारलं. हसल्यावर मारावंच लागतं, नाहीतर धाक राहत नाही.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या जुलैत आम्ही ताकाओ बंदरात होतो. बातमी आली की तांड्याचा मुख्य अधिकारी तपासणीला येतोय आणि बंदरातल्या बोटींची झोळ्या बांधायची शर्यत लावणार आहे. जिंकणाऱ्या तुकडीला, बोट मायदेशी कुरेच्या नौदल बंदराला लागली की, तीन दिवस घरची रजा.

ताकेजीला मे महिन्यात मुलगी झाली होती. मिसाओ. त्याने ती पाहिली नव्हती. पत्रातून तिच्या तळव्याचा शाईचा ठसा आला होता, तो कागद ताकेजी टोपीच्या अस्तरात ठेवायचा आणि दिवसातून दहादा टोपी काढायचा. रजेचं ऐकून त्याने त्या रात्री झोपायच्या वेळात झोळी चाळीसदा बांधली नि सोडली. सव्वीस सेकंदांच्या खाली तो आला नाही.

युक्ती माझी. खापर फोडायला दुसरं कुणी नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. बाराही जणांनी गादीतला अर्ध्याहून जास्त कापूस काढून टाकायचा. गुंडाळी बारीक होते, वेढे आपोआप बसतात, ओढायला जोर लागत नाही. तपासणीपुरतं करायचं आणि मग कापूस परत भरायचा.

ताकेजी म्हणाला, "हान्चो, यातला कापूस काढला तर राहिलं काय? घोंगडी पाणी पिते."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. बंदरात बुडणार आहेस का तू?"

"तसं नाही..."

"मुलगी बघायचीय ना तुला?"

तोच धागा ओढायचा हे मला ठाऊक होतं. त्याने गादीची शिवण उसवली, कापूस काढला आणि शिवण परत इतकी सुबक घातली की शिंप्याने बघत राहावं.

आम्ही जिंकलो. ताकेजीचे एकोणीस सेकंद, बाकीचे सोळा-सतरा. बारा झोळ्या ओळीने उभ्या, सडपातळ, एका मापाच्या. अधिकारी खूश झाला. हातमोज्यातल्या बोटाने त्याने एक झोळी दाबून पाहिली. बोट आत गेलं. पण तो वळून आमच्या कप्तानाला म्हणाला, "याला म्हणतात शिस्त. नाहीतर इतरांच्या बघा, गरोदर बायकांसारख्या."

दुसऱ्या दिवशी उपकप्तानाने हुकूम काढला की आमच्या तुकडीच्या झोळ्या याच मापाच्या राहतील आणि सप्टेंबरअखेरपर्यंत इतर तुकड्यांनीही तेच माप गाठायचं. मग कापूस परत भरणार कसा? भरला तर माप जाईल, माप गेलं तर चौकशी होईल. चार पोती कापूस दोरखंडांच्या कोठडीत पडून होता. वास येतो म्हणून एका दुपारी मीच तो समुद्रात टाकायला लावला. ताकेजी कठड्याशी उभा होता. कापूस लाटांवर पांढराशुभ्र पसरला आणि नजरेआड होईपर्यंत तरंगत राहिला.

"बघा हान्चो, किती चांगला होता," तो म्हणाला. मी त्याला कामाला लावलं.

आणि कुरे? कुरेला बोट लागलीच नाही. मोजीला पोचलो तर कोळसा-पाणी घेतलेली चार जहाजं तयार उभी होती, त्याच संध्याकाळी आम्हाला त्यांच्याबरोबर परत दक्षिणेला काढलं. रजा कागदावर राहिली. कागद उपकप्तानाच्या खणात राहिला.

सप्टेंबरच्या एका सकाळी, फिलिपाइन्समधल्या लुझॉनच्या उत्तरेला, आम्ही जवाच्या भातावर गरम सूप ओतून खात होतो. पाणबुडीचा टॉर्पेडो नाळेखाली, बोटीच्या पुढच्या टोकाला लागला. टॉर्पेडो बोट म्हणून बांधलेली आमची बोट अखेर टॉर्पेडोच्या कामी आली ती अशी. सहा मिनिटं लागली तिला बुडायला. त्यात आम्ही झोळ्या काढून वाटल्या, शिकवल्याप्रमाणे, अगदी झटपट.

पाण्यात पहिली दहा मिनिटं सगळ्यांच्याच झोळ्या तरंगत होत्या. मग आमच्या जड व्हायला लागल्या. बोटीच्या मागच्या भागातल्या तुकडीची पोरं, ती 'गरोदर बायकांसारख्या' झोळ्यांची, उपकप्तानाच्या मापाला अजून पोचली नव्हती. ती छातीखाली झोळी धरून निवांत पाय मारत होती. आमची एकेक करून हातातलं ओझं सोडत होती. काहींना दुसऱ्यांनी धरून घेतलं. पण एका झोळीवर दोन माणसं जेमतेम, तिसरा आला की तिघंही खाली.

माझ्या हाताला जिन्याची तुटकी लाकडी जाळी लागली होती. ताकेजी माझ्यापासून दहा हातांवर होता. मी त्याला बोलावलं असं सांगायला मला आवडेल. जाळी एकाचीच होती आणि मी गप्प होतो. त्याने झोळी दोन्ही हातांनी वर उचलून मला दाखवली. पाणी निथळत होतं, पाचही वेढे जसेच्या तसे.

"हान्चो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, "गाठ एकही सुटली नाही बघा. आत काहीच नाही, त्याला गाठ काय करणार?"

नंतर एक लाट आली, तिच्यामागून दुसरी आली आणि तो दिसेनासा झाला. माझ्या तुकडीतले बारापैकी नऊ गेले.

युद्ध संपल्यावर, सेहेचाळीसच्या वसंतात, मी कोनोउराला गेलो. सांगायचंच ठरवून गेलो होतो. ताकेजीचे वडील योहेई पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. सून पाठीशी मुलगी बांधून आली, तिने चहा ठेवला. त्या उपासमारीच्या दिवसांत त्यांनी माझ्यापुढे पांढरा भात आणि अख्खी मासळी वाढली. स्वतः रताळी खाल्ली.

"त्याच्याजवळ झोळी होती का हो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"होती."

"मग किती वेळ तरंगला?"

"अर्धा तास... असेल."

म्हाताऱ्याने हातातली सुई खाली ठेवली. "नीट बांधलेली झोळी दिवसभर तरंगते. गावातला एक नौदलातून आलाय, तो सांगतो."

हीच वेळ होती. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला.

"म्हणजे त्याने ढिली बांधली," म्हातारा स्वतःशीच म्हणाला. "घाईत असेल, नाहीतर आळसाने. इतकं शिकवलं मी त्याला." मग त्याने जाळं बाजूला सारलं, गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावलं. "हान्चो साहेब, आमच्या पोरापायी तुमच्या तुकडीला मान खाली घालावी लागली असेल. बापाच्या नात्याने माफी मागतो."

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा तेच वाटलं. मग मी म्हणालो, "नाही हो, तसं काही नाही. ताकेजीचा काहीच दोष नव्हता." एवढंच. याच्या पुढचं वाक्य मी ओठावर घेऊन आलो होतो, ते तसंच घेऊन परत गेलो.

त्यानंतर दर नववर्षाला म्हाताऱ्याचं कार्ड यायचं. तब्येतीची चौकशी, मासळीची खबर आणि शेवटी तीच ओळ, माझ्या मुलाच्या निष्काळजीपणाबद्दल क्षमस्व. चौदा वर्षांत चौदा कार्डं. प्रत्येक वेळी उत्तर लिहायला बसायचो आणि हवापाण्याचं लिहून पाठवायचो. पंधराव्या वर्षी कार्ड आलं नाही. सून त्याआधीच छातीच्या दुखण्याने गेली होती.

म्हातारा गेल्यावर मला धीर आला. भित्र्याला असाच धीर येतो, समोर कुणी उरलं नाही की. तरी पुन्हा सहा वर्षं घेतली आणि मग गेलो.

कोनोउराच्या धक्क्यावर मासळीच्या पेट्या चढवणं चाललं होतं. बावीस-तेवीसची एक बाई, बाह्या वर सारलेली, एका दांडग्या माणसाला फैलावर घेत होती. "अहो, ही काय दोरी बांधलीत? साफ ताकेजीची गाठ! वळणावर सगळी पेटी रस्त्यात!"

आजूबाजूचे हसले. मी तिथेच थांबलो. "काय म्हणालात तुम्ही? कसली गाठ?"

"ताकेजीची गाठ. म्हणजे ढिली हो. आमच्या गावात तसंच म्हणतात." तिने कपाळावरचा घाम पुसला आणि हसली. "आणि तो ताकेजी म्हणजे माझेच बाबा. झोळी ढिली बांधली नि बुडाले. आजोबा गावातल्या एकेकाला दोरी शिकवताना सांगायचे, माझ्या पोरासारखी बांधू नका."

मी तिला माझं नाव सांगितलं. तिथेच, मासळीच्या पाण्यात उभं राहून सगळं सांगितलं. कापूस, शर्यत, माप, समुद्रात टाकलेली पोती, त्याने उचलून दाखवलेले पाच वेढे. म्हणालो, अख्ख्या बोटीवर तुझ्या बाबांइतकी पक्की गाठ कुणाची नव्हती. कापूस मी काढायला लावला. मी.

तिने काम थांबवून पूर्ण ऐकलं. तिचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, पोचलं.

"आजोबा म्हणाले होते तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "की बाबांचे हान्चो फार मोठ्या मनाचे. घरी आले आणि बाबांची चूक झाकून गेले. म्हणाले, ताकेजीचा दोष नव्हता."

"झाकून नाही गं! खरंच नव्हता. माझा होता!"

"काका," तिने ओल्या हाताने माझी बाही धरली, "सख्खा बाप आपल्या मेलेल्या पोराबद्दल वाईट खोटं बोलेल का? आजोबांना किती जड गेलं असेल ते. तरी बोलले, म्हणजे खरंच असणार."

"त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही त्यांना!" माझा आवाज चढला. पेट्या चढवणारे बघायला लागले.

"बरं, बरं. तसं असेल," ती मऊ आवाजात म्हणाली, म्हाताऱ्यांशी बोलतात तशी. "इतक्या लांबून आलात, वीस वर्षांनी. बाबा खरंच नशीबवान होते." मग तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, काकांना बसायला द्या काहीतरी," आणि ती पेटी सोडून नव्याने बांधायला लागली.