न कोमेजणारी फुलं

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून धोंडबाचं एकच टुमणं होतं. संध्याकाळच्या वंदनेला बुद्धापुढे ताजं फूल पाहिजे म्हणजे पाहिजे. आता भिलाईत फूल आणायचं कुठून, सांगा! जिकडे पाहावं तिकडे मुरूम, सिमेंट आणि लाल धूळ. रशियाच्या मदतीनं नवा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. सून सत्यशीला तिथं दिवसभर घमेली वाहायची, कंबरेचा काटा ढिला व्हायचा, तरी सुटी झाली की नाल्याच्या काठानं रुई, कण्हेर धुंडत फिरायची. नवरा गुलाब दुसऱ्या पाळीला, म्हणजे हेही काम तिच्याच डोक्यावर. बाईच्या नशिबी विसावा लिहायला कोणाला सवड झाली नसावी, दुसरं काय!

एकदा तिला रशियन साहेबाच्या बंगल्यावर वाफ्यात माती टाकायला पाठवलं. तिथं शेवंतीसारखी पिवळी-तांबडी फुलं होती, पण हात लावला तर कागदासारखी कुरकुरीत. झाडावरच वाळली बिचारी, असं समजून ती उपटायला लागली, तशी मडम हसत धावत आली. ही अशीच असतात, महिनोन्‌महिने अशीच राहतात, असं तिनं खुणांनी सांगितलं आणि मूठभर तोडून सत्यशीलाच्या पदरात टाकली.

चला, वणवण मिटली! सत्यशीलानं ती फुलं बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवली आणि कितीतरी दिवसांनी भिंतीला टेकून पाय पसरले.

चार दिवस सुखाचे गेले. मग एका संध्याकाळी म्हातारा फूल वाहता वाहता थांबला. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं. हे कालचंच फूल, परवाचंच. फूल कोमेजतं तसा हा देहही जाणार, असं वंदनेत रोज म्हणायचं आणि पुढ्यात हे? बुद्धापुढे खोटं बोलू का, असं विचारून त्यानं उद्यापासून ताजं आणायला सांगितलं.

सत्यशीलाचा जीव त्या दिवशी फार शिणला होता. सासऱ्यापुढे तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“मीच तर कोमेजून राहिली न, मामाजी. मले पाहून म्हणा न वंदना.”

त्या दिवशी वंदना झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर ती सवयीनं नाल्याकडे वळली, तर म्हातारा काठी टेकत समोरून येत होता. गुडघे मुरमानं खरचटलेले, मुठीत रुईचं फूल, चुरगळून मान टाकलेलं. तिला रडू आलं. हात धरून तिनं त्याला घरी आणलं.

धोंडबानं तसबिरीपुढची ती कुरकुरीत फुलं चाचपून उचलली आणि सुनेच्या ओंजळीत दिली.

“हे तुले राहू दे, पोरी,” तो म्हणाला. “कोमेजणारं मी आणत जाईन.”