बांधावरची निलगिरी

दादाच्या वडिलांनी ओढ्याला आडवी माती टाकून तळं केलं, ते शेतीसाठी नाही की पिण्याच्या पाण्यासाठी नाही. निव्वळ हौसेसाठी. रविवारी होडी फिरवावी, पोरांनी पोहावं, पाहुण्यांनी काठावर बसून वा वा म्हणावं, एवढाच त्यामागचा हेतू. इंजिनिअरला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. बुलडोझर भाड्याने आणला, अक्कल घरचीच होती, आणि बांध उभा राहिला. त्याला धरण म्हणणारे ते एकटेच. घरातले त्यांच्या पाठीमागे हसायचे.

त्यांची एक ठाम समजूत होती, की झाडाची मुळं माती धरून ठेवतात, म्हणून बांधावर जितकी झाडं तितका बांध पक्का. मग घरात काही घडलं की बांधावर एक झाड लागायचं. लग्न झालं, लावा झाड. मूल झालं, लावा झाड. कोणी गेलं तरी झाडच. वडील गेल्यावर थोरल्या मुलाने, म्हणजे दादाने, ही रीत पुढे चालवली. शहाण्या माणसांच्या घरात एखादा वेडेपणा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो असाच, कारण तो प्रेमाने केलेला असतो.

दादाचा एकुलता एक मुलगा ऐन विशीत तापाने गेला. त्याच्यासाठी बांधाच्या बाहेरच्या उतारावर निलगिरी लावली आणि त्याची राख मुळाशी घातली. झाड झपाट्याने वाढलं. वहिनी, म्हणजे दादाची बायको, रोज दुपारी तिथे जाऊन बसायची. झाडाशी बोलायची म्हणतात. दादाने कधी कान देऊन ऐकलं नाही, पण ती परत येताना तिचा चेहरा जरा सैल झालेला असायचा, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

मग कुठेतरी लांब असंच एक खाजगी तळं फुटलं, माणसं वाहून गेली, आणि सरकार जागं झालं. लहानसहान बांध तपासायला माणसं फिरू लागली. दादाकडे एक इंजिनिअर बाई आल्या. गुडघ्यापर्यंत बूट, हातात काठी, बोलणं कमी. सांडव्याच्या तोंडाशी दादाने फळ्या ठोकल्या होत्या, होडीला पाणी उथळ पडू नये म्हणून. बाईंनी सांगितलं, जास्तीचं पाणी निघून जायची वाट हीच, आणि तीच तुम्ही बंद केलीत. दादाने लगेच फळ्या उपटल्या. एवढ्यावर भागलं असतं तर तो बाईंना पाटावर बसवून जेवू घालायला तयार होता.

बाई मात्र निलगिरीखाली जाऊन थांबल्या. तिथे उताराच्या पायथ्याशी जमीन बारमाही ओली असे. भर उन्हाळ्यात सगळीकडचं गवत करपलं तरी तेवढा तुकडा हिरवागार. वहिनी म्हणायची, पोराची कृपा. बाईंनी काठी रोवली, ती हातभर आत गेली. मग त्यांनी त्या जागी साचलेलं पाणी ओंजळीत घेऊन दादाला दाखवलं.

"पाणी झिरपतंय, त्याचं मला फार वाटत नाही. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पण हे पाणी गढूळ आहे. म्हणजे ते आतली माती घेऊन बाहेर पडतंय. मुळांच्या कडेने त्याला वाट सापडली आहे."

दादाने विचारलं, झाड तोडलं तर? बाई म्हणाल्या, नुसतं तोडून भागणार नाही, मुळं आत कुजतील आणि त्यांच्या जागी नळ्या तयार होतील. आधी तळं हळूहळू रिकामं करायचं, मग झाड मुळासकट काढायचं, तेवढा बांध खणून पुन्हा माती ठोकून ठोकून भरायचा. बाकीची झाडं नंतर एकेक करून. पण हे आधी, पावसाच्या आत. मग त्यांनी खाली बोट दाखवलं. बांधाच्या बरोब्बर खाली, ओढ्याच्या काठाला, एक घर होतं.

"तिथे कोण राहतं?"

"माझा भाऊ," दादा म्हणाला.

बाई गेल्या आणि दादाचं डोकं फिरलं. सरकारी माणसांना भीती विकायचाच पगार मिळतो, एक तळं फुटलं म्हणून सगळीच फुटतात का, वडिलांच्या हयातीत एक ढेकूळ तरी हललं का, असं तो स्वतःशीच बडबडत घरभर फिरला. वहिनीने काय झालं विचारलं, तर सांडव्याच्या फळ्यांचं निमित्त सांगितलं. रात्री तिच्या शेजारी पडून त्याला ती ओंजळ दिसत राहिली. खरं तर बाईंचं म्हणणं त्याला तिथल्या तिथे पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच तो एवढा चिडला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ठरवलं, की भावाला आपल्या बाजूला घ्यायचं. तळं दोघांच्या नावावर होतं. खाली राहणाराच म्हणाला, आम्हाला काही त्रास नाही, तर बाई काय करणार? धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं, आणि आता तो दारातून आडवा होऊन आत शिरायचा तरी टिकून होतं. गुडघे पार गेलेले. तरी दर रविवारी धापा टाकत चढण चढून तोच वर यायचा. दादाचं खाली जाणं जवळजवळ सुटलंच होतं. थोरल्याने धाकट्याकडे कशाला जायचं, असाही एक अहंकार असतो, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही.

दादा गेला तेव्हा दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि त्याला वाटलं, आपण चुकीच्या घरात आलो. बाहेरची खोली रिकामी होती. पलंग नाही, कपाट नाही, भिंतीवरचे फोटोसुद्धा नाहीत. मधल्या खोलीत एक सतरंजी आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. घर सोडून गेले की काय?  मग वरून आवाज आला म्हणून तो जिना चढला.

वरच्या एकुलत्या एका खोलीत सगळा संसार कोंबलेला होता. पलंगाला पलंग लावलेले, कपाटावर ट्रंका, ट्रंकांवर अंथरुणं. मध्ये चालायला वाट अशी नव्हतीच. आणि प्रत्येक पलंगाखाली चपला नव्हत्या, बूट होते, नाडी सैल केलेले, पाय घातला की निघता येईल असे. बारक्या खिडकीशी बसून गुडघ्याला तेल चोळत होता. खिडकीतून समोर बांध दिसत होता आणि बांधावर निलगिरी.

बारक्याची बायको गडबडून उठली. खाली फार ओल येते, म्हणाली. भिंतींना पोपडे धरतात. दादाने खालच्या भिंती नुकत्याच पाहिल्या होत्या. त्या कोरड्या ठणठणीत होत्या.

"केव्हापासून?" त्याने भावाला विचारलं.

बारक्याने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"झाडाखालून गढूळ पाणी यायला लागलं तेव्हापासून. होतील तीनचार पावसाळे."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार, दादा? त्याचं झाड आहे ते."

दादा पलंगाच्या कडेवर बसला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणून आला होता, आता भांडंही गेलं आणि ताकही. भाऊ, भावजय, कॉलेजात जाणारी पुतणी, सगळ्यांनी इतकी वर्षं अळीमिळी गुपचिळी केली होती. रविवारी वर येऊन हसत होते, होडीत बसत होते, त्याच पाण्यावर. पाऊस लागला की बूट जवळ घेऊन झोपत होते. आणि तो मात्र वर बसून समजत होता, की पोराचं दुःख आपण एकट्यानेच पेललंय. त्याला इतकी लाज वाटली, की भावाकडे बघवेना.

वहिनीला त्याने त्याच दिवशी सांगितलं, काही न झाकता. ती रडली नाही, भांडली नाही. खालच्या घरात पलंग कसे लावलेत, ते मात्र तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "काढा. पण मला तिथे उभं राहू द्या."

तळ्यातलं पाणी सोडायला बांधाखाली मोरी होती, तिची झडप गंजून बसली होती. दोघा भावांनी मिळून ती फिरवली, एक दम खात आणि दुसरा शिव्या घालत. पाणी सावकाश उतरत गेलं. तळाला चिखल, तुटकी वल्ही, कुणाचीतरी एक चप्पल. जेवढं सुंदर म्हणून मिरवलं त्याच्याखाली हे होतं. मग मशीन आलं. निलगिरी सहज आली नाही. आडवी झाली तेव्हा मुळांबरोबर मातीचा एवढा मोठा गड्डा आला, आणि त्या खड्ड्यात, बांधाच्या पोटात, एक भोक दिसलं. दादाने वाकून त्यात हात घातला. खांद्यापर्यंत गेला तरी बोटांना काही लागलं नाही. इंजिनिअर बाई शेजारी उभ्या होत्या. हा पावसाळा निघाला नसता, एवढंच त्या म्हणाल्या. वहिनी उकरलेल्या मातीत हाताने काहीतरी शोधत होती. राख ती, आता कुठली सापडते. तिला धरून घरी न्यावं लागलं.

बांध भरून झाला, बाईंनी पाहून बरं म्हटलं, तरी तळं पुन्हा भरायला दोघांही भावांचा जीव धजावला नाही. दादा एका सकाळी खाली गेला. पलंग मी स्वतः खाली उतरवणार, म्हणाला. बारक्या गुडघ्यांमुळे नुसत्या सूचना देत होता. दादा आणि भावजय एकेक पलंग जिन्यातून काढत होते. शेवटचा पलंग जागेवर लावून झाल्यावर भावजयीने पदराने त्याची कड पुसली आणि खाली मान घालून म्हणाली, "वहिनी आता दुपारच्या कुठे बसतात, दादा?"

दादा उशा रचायला लागला. ती अंथरूण ओढू लागली. मग हळूच म्हणाली, "आम्हाला सवय झाली होती. अजूनही झोपलो असतो की वर."