दप्तराला सुट्टी

व्हॅनमामा नववीच्या दारात उभे राहिले तेव्हा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. साठीचा माणूस, डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि खांद्याला गुलाबी दप्तर.

"नवीन ॲडमिशन का हो?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"महाराणी हे गाडीत विसरली. द्या तिला," मामा म्हणाले. या वर्गातल्या एका मुलीला ते महाराणीच म्हणत.

बाईंनी खडू खाली ठेवला. "मामा, ती दोन आठवडे शाळेत आलेली नाही."

"असं कसं? मी रोज आणतो तिला."

"तुम्ही दप्तर आणता," बाई म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं. व्हॅनमामा मुलं मोजत नसत, दप्तरं मोजत. मुलं खाली वाकतात, सीटमागे लपतात, एकमेकांच्या मांडीवर बसतात. दप्तर बिचारं जागच्या जागी असतं. आरशात दप्तरं पुरी दिसली की गाडी सुटे. ही पद्धत त्यांनी स्वतः शोधली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

महाराणीला ही पद्धत पाठ होती. या दारातून चढायचं, दप्तर ठेवायचं, त्या दारातून उतरायचं. शाळा आली की पहिलीतली चिमणी ते दप्तर सीटखाली ढकलायची. त्याचं तिला रोज एक चॉकलेट मिळे. आज चिमणीला ताप होता, म्हणून दप्तर उघड्यावर राहिलं. मामांनी पुढे आयुष्यभर त्या तापाचे आभार मानले.

मामा तसेच शोधायला निघाले. महाराणी पेट्रोल पंपामागच्या बंद टायरच्या दुकानात सापडली. ओठ सुकलेले, नजर ठरत नव्हती. शेजारी नशेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं.

"मामा, तुम्ही दोन का आहात?"

"एकच आहे गं. आणि तोही उशिरा आलाय."

"घरी सांगू नका ना."

"सांगत नाही. नेतो."

तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करत होती. मुलीकडे बघून तिने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग मुलीला धरलं. तिघंही तसेच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, बरं वाटेल, पण वेळ लागेल. काही महिने इथंच राहू दे.

दुसऱ्या दिवशी व्हॅन महाराणीच्या घराच्या गेटशी थांबली. मामांनी मोजलं, एक कमी. पुन्हा मोजलं. मग उतरून ते थेट दारात गेले.

"ताई, दप्तर देता का?"

"आता दप्तर कशाला, मामा? नाव काढतील तिचं शाळेतून."

"नाव शाळेचं. सीट माझी आहे. माझी मोजणी चुकते."

आईने दप्तर दिलं.

तेव्हापासून ते दप्तर रोज शाळेत जाऊ लागलं. खिडकीची जागा त्याची. उशीर नाही, दंगा नाही, उलट उत्तर नाही. वर्गातल्या मुली त्यात वह्या उतरवून टाकत. बाई म्हणायच्या, इतका शहाणा विद्यार्थी वर्गात दुसरा नाही. चिमणी रोज त्यात एक चॉकलेट टाके आणि पट्टा धरून बसे. वळणावर पडायला नको म्हणून. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा जिन्यावरून मामांना दप्तर नेताना पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि नाव काढायचा विषय पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी मामा दप्तर परत देत. "आज काय शिकलं?" आई विचारायची.

"गणित. पण बोलत नाही फारसं." मग दोघंही हसत. हसून झालं की आई डोळे पुसायची.

उन्हं तापू लागली होती. एका सकाळी महाराणीच्या गेटशी मामांनी आरशात मोजलं. एक कमी. पुन्हा मोजलं. एकच कमी.

"मामा, काढा ना गाडी!" मुलं ओरडली.

"एक कमी आहे."

"मामा, मागे तर बघा!" चिमणी किंचाळली.

मामा वळले. खिडकीशी महाराणी बसली होती. बारीक झालेली, केस कापलेले, हात मांडीवर मोकळे. घाबरत घाबरत निघण्याच्या नादात दप्तर घरीच विसरली होती. चिमणीने सवयीने पट्टा धरतात तशी तिची ओढणी धरली होती.

"सॉरी मामा," महाराणी म्हणाली.

तेवढ्यात आई धापा टाकत गेटबाहेर आली. "अहो थांबा! दप्तर राहिलं!"

मामांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिला थांबवलं.

"राहू द्या, ताई. आज दप्तराला सुट्टी."

आणि त्यांनी गाडी सुरू केली.