आईला सांगू नगा

मालनची लेक साक्षी घरात असली की तोंडाचा पट्टा सुरू. शेळी कुणावर रुसली, आजीनं तपकिरीची डबी कुठं लपवली, सगळं पोरीला ठाऊक आणि सगळं सांगायची घाई. पण हीच सात वर्षांची पोर उंबरा ओलांडून वाटेला लागली की तोंडाला कुलूप. शाळेत तर दीड वर्षात एक अक्षर नाही. आधीच्या मास्तरांनी छडी मारली, तेव्हा डोळ्यांतनं पाणी आलं पण आवाज आला नाही. कुणी म्हणे मुकी हाय, कुणी म्हणे आगाव हाय. मालनच्या सासूनं, अंबूबाईनं, पोपटाचा उष्टा पेरू चारला आणि देवळातल्या घंटेवरनं ओतलेलं पाणी पाजलं. पोरीनं पेरू खाल्ला, पाणी प्यायलं आणि घरी आल्यावर पेरू लय ग्वाड होता म्हणून सांगितलं. बाहेर मात्र ढिम्म.

साक्षी आणि गाव यांच्यामधे एकच वाट उरली होती, ती म्हणजे मालनचा कान. पोरगी पदर ओढायची, मालन वाकायची, कानात कुजबुज व्हायची आणि मालन सरळ होऊन सांगायची, तिला तहान लागलीया. दुकानात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हेच. बाया हळहळायच्या, मालन, तुझ्या जिवाला केवढा घोर गं. मालनही मान हलवायची. पण खरं सांगायचं, आणि लपवून तरी करायचंय काय, तिला ते आवडायचं. नवरा आकाराम फौजेत, वर्षातनं दोन महिने घरी. सासू कानानं मंद, तिच्याशी बोलायचं म्हणजे गावाला ऐकवायचं. अशा बाईकडं एक गोष्ट अशी होती, जी शिराळा तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हती. साक्षीचा आवाज.

आकारामनं मिलिटरी कॅन्टीनमधनं टेपरेकॉर्डर आणून दिला होता. तिकडनं तो कॅसेट भरून पाठवायचा, इकडनं ह्या पाठवायच्या. दोन्ही बाजू साक्षीच भरायची. मालन शेजारी बसून हळूच सांगायची, बाबास्नी इचार जेवण बरं मिळतंय का, बाबास्नी सांग आईची कंबर दुखतीया. स्वतः शेवटी एवढंच म्हणायची, बरं हाय सगळं, काळजी नसावी. तू कायच बोलत न्हाईस, ही आकारामची तक्रार दर कॅसेटला ठरलेली.

शहाण्णवच्या जूनमधे शाळेत बनसोडे बाई आल्या. वाईच्या. वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं, आवाज मऊ. त्याच महिन्यात हेडमास्तरांनी मालनला बोलावून स्पष्ट सांगितलं की दिवाळीआधी सहामाहीच्या तोंडी परीक्षेत पोरगी बोलली नाही, तर तिला जिल्ह्याच्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत घाला, तिथं वसतिगृह आहे, इथं आम्ही तिला पुढं ढकलणार नाही. मालनच्या मनात एकच आलं. पोरीला वसतिगृहात ठेवायचं म्हणजे घर रिकामंच की.

बनसोडे बाईच म्हणाल्या की आपण सांगलीला एक डॉक्टरीण आहेत त्यांना दाखवू, आणि स्वतः रजा टाकून सोबत आल्या. डॉक्टरणीनं तासभर नुसतं बघितलं, साक्षीला एक प्रश्न विचारला नाही. मग बाहेर येऊन सांगितलं की पोरगी हट्टी नाही आणि मुकी तर नाहीच. परकी माणसं दिसली की भीतीनं तिचा गळा आवळतो. बोलायचं असतं, पण शब्द निघत नाही. तो मारून निघणार नाही, लालूच दाखवून निघणार नाही, आणि बोल बोल करून तर मुळीच नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मायलेकींनी खेळत बसायचं. बाईंनी आधी व्हरांड्यात, मग दारात, मग जवळ. पोरगी बाईंच्या देखत बोलायला लागली की आईनं रोज एकेक पाऊल मागं सरायचं. शेवटी डॉक्टरीण मालनकडं वळली. "आणि तुम्ही तिच्या वतीनं उत्तर देणं बंद करा. कुणी काही विचारलं की मनात पाच मोजा." मालननं मान डोलावली. येताना कंडक्टरनं पोरीला नाव विचारलं, तर मालन तीनपर्यंतच पोचली.

आता बघा, औषध कडू आहे हे मालनला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. दोघी वर्गात गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळायच्या, बाई व्हरांड्यात पाठमोऱ्या वह्या तपासायच्या. साक्षी आधी कुजबुजायची, मग बाई दिसेनाशाच झाल्यासारखं बोलायला लागली. बाई दारात आल्या, मग सतरंजीच्या कडेला आल्या. एक दिवस बाईंच्या हातनं गजगा निसटला आणि साक्षीनं त्यांच्याकडं बघून सांगितलं, "गेला तुमचा डाव." बाईंनी फक्त गजगा उचलला, कौतुकाचा एक शब्द काढला नाही, पण त्यांचे डोळे भरले. मालनचेही भरले. बाईंना वाटलं आनंदानं. अर्धं खरं होतं. बाकीचं अर्धं मालनच्या छातीत मिरचीच्या बोटासारखं झोंबत होतं. सात वर्षं जो आवाज एकटीचा होता, त्याला आज वाटेकरी आला होता.

तिथनं मालनला बाईंचं सगळंच खुपायला लागलं. साक्षीला वेणी बाईंसारखी पाहिजे. भाकरी बाईंसारखी चौघडी घालून पाहिजे. बाई हसतात तेव्हा तोंडावर हात धरतात, तर पोरगीही धरायला लागली. मालन दाराशी सरकली, मग व्हरांड्यात आली, आणि आत चाललेलं "एक्की, दुक्की, तिक्की" ऐकत बसली. सवत आणली असती तर निदान भांडता तरी आलं असतं, हिच्याशी भांडायचं कशावरनं. मग ती उगाच खोकायची. रुमाल विसरला म्हणून आत जायची, पोरीला पाणी पायजे का विचारायला जायची. ती आत गेली की साक्षीचा आवाज खाली यायचा आणि बाई शांतपणे पुन्हा पहिल्यापासनं डाव मांडायच्या. मालनला स्वतःचं वागणं कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. मालन चुलीपाशी भाकरी थापत होती, साक्षी जवळ बसून आपली बडबडत होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "आई, उद्यापासनं तू मारुतीच्या कट्ट्यावर बस. व्हरांड्यात नगं." बाईंनी सांगितलं का, मालननं विचारलं. नाही, मलाच वाटलं, पोरगी म्हणाली.

मालनचा हात काठवटीतच थांबला. जे आठ दिवस गिळलं होतं ते तोंडावाटे बाहेर पडलं. "मग बोल जा तुझ्या बाईशीच. माझ्याशी कशाला बोलतीस आता?"

साक्षी बघत राहिली. जेवताना एक भाकरी कमी खाल्ली. मालनला वाईट वाटलं, पण शब्द काय परत गिळता येतो होय.

दुसऱ्या दिवसापासनं मालन कट्ट्यावर बसायला लागली. तासाभरानं पोरीला आणायला गेली की बाई दारात यायच्या आणि मान हलवून म्हणायच्या, आज काही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच, आठव्या दिवशीही तेच. मालन तोंडानं अरेरे म्हणायची. आणि आतनं? आतनं तिला गार वाटायचं हो. देवापुढं हात जोडले की स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की पुन्हा गार वाटायचं. हेडमास्तरांचं वसतिगृह आठवलं की तेवढी धास्ती बसायची. पण घरीही पोरगी मोजकंच बोलायला लागली होती. दिवाळीची कॅसेट भरायला बसवली तर, बाबा बरं हाय सगळं, काळजी नसावी, एवढं म्हणून उठून गेली. परीक्षेची भीती असंल, असं मालननं मनाला समजावलं.

परीक्षेला चार दिवस होते. मालन दळण घेऊन गिरणीत गेली तर लाईट गेलेली. डबा तिथंच ठेवून ती लवकर परतली आणि पाण्याच्या टाकीकडच्या मागल्या वाटेनं शाळेशी आली. खिडकीला आली आणि तिथंच थांबली.

आत साक्षी बोलत होती. कुजबुजत नव्हती, एक्की दुक्की म्हणत नव्हती. शेळीला दोन करडं झाली, एकाच्या कपाळावर पांढरा टिळा हाय, आजी त्याला जोतिबाचा म्हणती, असं घरच्या आवाजात, घरच्या घाईत सांगत होती. म्हणजे आज काही नाही, आज काही नाही, हे सगळं खोटं. मालनच्या अंगाची लाही झाली. माझीच पोर आणि माझ्यापास्नंच चोरी. आत जाऊन त्या वाईच्या बाईची वेणी धरावी, असंच मनात आलं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आईला आता सांगूया का?"

"नगा. आईला सांगू नगा." साक्षीचा आवाज बारीक झाला. "मी तुमच्याशी बोलले की ती एकटी पडती. बाबा बी न्हाईत. तिला बोलायला माझ्याशिवाय कोण हाय?"

बाईंनी विचारलं की परीक्षेत कसं करायचं मग. तिथं मोठ्यानं बोलावं लागतं, कट्टा जवळ आहे, आईला ऐकू जाईल, म्हणून परीक्षेत मी बोलणारच नाही, असं पोरीनं सांगितलं. सगळा हिशेब तिनं आधीच करून ठेवला होता.

मालन टाकीपाशी खाली बसली. सात वर्षांची पोर आईला जपत होती, आणि आई दोन आठवडे गार होऊन बसली होती. दीड वर्ष पोरीचा गळा परक्यांच्या भीतीनं आवळत होता. आता आईसाठी आवळायचा होता. मालननं पदरानं तोंड पुसलं, टाकीला वळसा घालून पुढच्या वाटेनं आली आणि रोजच्यासारखी हाक मारली. बाई दारात आल्या. आज काही नाही म्हणताना त्यांनी मान खाली घातली. मालन बरं म्हणाली.

उसाच्या बांधावर आल्यावर ती थांबली. डॉक्टरणीनं सांगितलेले पाच मोजले, या वेळी पुरते.

"साक्षे, मला राग आलता. बाईंचा आलता, तुझा न्हाई. आणि तो बी उगीचच. मी मोठी बाय हाय, एकटी पडत न्हाई. तू कुणाशी बी बोल." पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग मालननं सांगितलं की परीक्षेदिवशी मी शिराळ्याला बाजारला जाणार, दिवसभर येणार नाही.

साक्षीनं मान वर केली. "खरंच जाशील?"

काय आनंद होता हो त्या पोरीच्या तोंडावर. मालनला तो बघवला नाही आणि त्यावरनं नजरही काढवली नाही.

परीक्षेदिवशी मालन सकाळच्या एसटीनं शिराळ्याला गेली. बाजारात तिला काही घ्यायचं नव्हतं. ती स्टँडवर बसली, देवळात बसली, पुन्हा स्टँडवर आली. कासारानं दोनदा विचारलं, ताई, बांगड्या भरायच्या का? नको म्हणायलाही तिच्या गळ्यातनं शब्द निघेना. आत्ता वर्गात काय चाललं असंल, एवढंच डोक्यात. दुपार कलली तरी तिनं पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं.

गावात उतरली तर फाट्यावर गल्लीतली तानुबाई उभीच होती. मालन, तुजी पोरगी बोलली की गं, म्हणून तिनं हात धरला. मग जी भेटेल ती सांगायला लागली. कुणी म्हणे कविता म्हटली, कुणी म्हणे पंधराचा पाढा म्हटला, कुणी म्हणे दोन्ही. हेडमास्तर उठून उभे राहिले म्हणे. पोरं खिडक्यांना लोंबकळली होती. बाई व्हरांड्यात येऊन रडल्या. कुणाच्या कुणाच्या लेकरांनी, आयांनी, गिरणीवाल्यानं, सगळ्यांनी ऐकलं. नातवाला आणायला गेलेल्या एका म्हातारीनं ऐकलं. कट्ट्यावर बसलेल्या सासूनं, अंबूबाईनंसुद्धा ऐकलं, जिला ढोल ऐकू येत नाही. एक मालन सोडून.

घरी येऊन तिनं साक्षीला जवळ घेतलं. आठवणीनं कौतुकाचा गोंधळ घातला नाही. फक्त म्हणाली, मला बी म्हणून दाखव की कविता. दमले मी आता, साक्षी म्हणाली, आणि शेजारच्या पायलनं गल्लीतनं हाक मारल्याबरोबर गजगे घेऊन पळाली. हाकेला ओ दिली ती उंबऱ्याच्या बाहेर जाऊन. थोड्या वेळानं तिकडनं ऐकू यायला लागलं. डावावरनं भांडण जुंपलं होतं आणि त्यात वरचा आवाज साक्षीचा होता.

मालनला वाटलं, बाहेर जावं आणि त्या पायलला घरी धाडून द्यावं. तशीच उठली. उंबऱ्यापर्यंत गेली, पाच मोजले आणि परत फिरली. फळीवरनं टेपरेकॉर्डर काढला. दिवाळीची कॅसेट पोरीच्या त्या एका वाक्यापुढं अजून रिकामीच पडली होती. बटण दाबलं, फीत फिरायला लागली. मालन गप्पच. बाबास्नी सांग म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. गळा कोरडा पडला होता, बाजारात पडला होता तसाच.

मग ती यंत्राला तोंड लावून म्हणाली, "आवं, मी बोलतीया. मालन. तुमच्या पोरीला आज येळ न्हाई."