सर्व्हर वाढवा

श्रीगोंद्याकडच्या त्या साखर कारखान्याचं नाव घ्यायला नको, उगाच कुणाला तरी ठसका लागायचा. त्याच्या अतिथिगृहात सुकन्या सकाळी साडेनऊपासून येरझाऱ्या घालत होती. बसली की लॅपटॉप, उठली की मोबाईल. चहा आला, गार झाला, परत गेला. दहाला ऊसनोंदणी उघडणार होती. ज्याची नोंद आधी त्याची ऊसतोड आधी, असा यंदाचा नियम. आणि नोंद वहीत नाही, तर सुकन्याने बनवलेल्या वेब ॲप्लिकेशनवर, ज्याच्या त्याच्या मोबाईलवरून.

मागच्या वर्षी ते पहिल्याच दिवशी कोसळलं होतं. कोसळलं तर कोसळलं, पण ते कोसळलंय हेच चार तास कुणाला कळलं नाही. शेतकरी बटण दाबून दाबून थकले आणि शेवटी जुनी वही बाहेर निघाली. वहीत कुणाचं नाव वर सरकतं आणि कुणाचं खाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंदा चेअरमन आप्पासाहेबांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "मॅडम, ह्या बारीला पडलं तर कायमची वही."

म्हणून सुकन्या आणि तिचा सहकारी जीशान दोन महिने खपले आणि त्यांनी ॲपला डोळे-कान बसवले. कुठल्या मिनिटाला किती माणसं आली, यंत्र किती दमलं, कुणाची नोंद कुठे अडली, सगळं आलेखात दिसायचं. काही बिघडायला लागलं की फोनवर घंटा वाजायची. कुणी काय केलं त्याचंही मिनिटवार टिपण राहायचं. याला टेलिमेट्री म्हणतात, असं तिने संचालकांच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एकाने विचारलं होतं, "म्हंजी चहाडखोर?" ती म्हणाली होती, "तसंच समजा."

सर्व्हर मात्र कारखान्याच्या शेतकी ऑफिसातच ठेवलेला. सभासदांची माहिती आपल्याच घरात राहिली पाहिजे, हा आप्पासाहेबांचा हट्ट. खोलीची किल्ली रंगनाथ शिपायाकडे. सकाळी त्याने यंत्राला कुंकू लावलं, नारळ वाढवला आणि म्हणाला, "ताई, आता भ्यायचं न्हाई." त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. यंत्राची ताकद कमी-जास्त करायचं काम जीशानचं. तो नगरला सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून ते करू शकत होता. सुकन्या, जीशान आणि किल्लीवाला रंगनाथ, असा तिघांचा ग्रुप होता.

दहा वाजले. आलेखाची रेघ उठली. दहा दहाला शंभर नोंदी, अर्ध्या तासात दोनशेच्या वर. सुकन्याला आनंद व्हायला हवा होता, पण तापल्या लेकराच्या कपाळाला आई सारखा हात लावते, तसं ती दर मिनिटाला पडद्याला बोट लावत होती. दहा चाळीसला घंटा वाजली. यंत्राला भार सोसेना. तिने घाईघाईत ग्रुपवर लिहिलं, "सर्व्हर वाढवा. लगेच."

दोन मिनिटांनी फोनच्या कपाळावर उत्तर उमटलं, "वाढवला." कुणी लिहिलंय ते तिने बघितलंच नाही. घंटा थांबली. मग एकदाही वाजली नाही. सुकन्याने सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली आणि नवा चहा मागवला. जिवात जीव आला तिच्या.

चहा संपायच्या आत आवारातून गलका ऐकू आला आणि पाठोपाठ आप्पासाहेबांचा फोन. "मॅडम, तुमचं यंत्र पडलंय. वीस मिनटं झाली. तुमची ती घंटा कुठं गेली?"

घंटा त्याच सर्व्हरवर बसवली होती! राखणदारालाच त्या घरात कोंडलं होतं. घर गेलं तेव्हा ओरडणारं कुणी उरलंच नाही. ती शांतता नव्हती, मुकेपणा होता. सुकन्या चपला पायात अडकवून पळत सुटली. वाटेत जीशानचा फोन, "अगं, 'वाढवला' बघून मला वाटलं, तूच केलंस!"

खोलीत रंगनाथ किल्ली घेऊन उभा होता. यंत्रावर एकही दिवा नव्हता.

"रंगनाथकाका, हे बंद कुणी केलं?"

"म्या. तुमीच म्हनलात ना, वाढवा."

"अहो, ताकद वाढवा म्हटलं!"

"ते मला काय ठावं? आमच्या बापाचं किराना दुकान हुतं. उभ्या जन्मात त्यानं 'दुकान बंद केलं' म्हनलं न्हाई. वाढवलंच म्हनायचा. चांगल्या दिवशी तुमी बी वंगाळ बोलना झालात, मला बरं वाटलं बघा."

तिला त्याचा संताप आला, हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तिची आजी बांगडी फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. हे तिला माहीत नव्हतं का? तिने यंत्र सुरू केलं, जीशानने तिकडून त्याची ताकद वाढवली. झालेल्या नोंदी सगळ्या जागेवर होत्या.

तोवर आप्पासाहेब दारात आले. मागे माणसांची ही गर्दी. "कुणी मुद्दाम केलंय का हे? तुमचं यंत्र सांगतं ना कोन काय करतं? वाचा."

टिपणात एकच ओळ होती: दहा बेचाळीस, खोलीतल्या बटणाने बंद. किल्ली कुणाकडे, हे सगळ्यांना माहीत. ती ओळ नुसती वाचली असती, तर ॲप वाचलं असतं आणि म्हाताऱ्याची नोकरी गेली असती. रंगनाथने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बटण काकांनी दाबलं," सुकन्या म्हणाली, "माझ्या सांगण्यावरून. दहा चाळीसला मी लिहिलं, सर्व्हर वाढवा. त्यांनी वाढवला. नीट लिहिलं नाही मी. आणि घंटाही चुकीच्या जागी बांधली. दोन्ही चुका माझ्या."

"मग ठरलं," आप्पासाहेब म्हणाले. "वही काढा."

कारकुनाने वही काढली. इतक्या चपळाईने त्याने वर्षभरात दुसरं काही काढलं नसेल. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली आणि तिने आपला हात वहीवर ठेवला. दोन एकर ऊसवाली रंगुबाई; आठ वर्षं तिची तोड सगळ्यात शेवटी, ऊस वाळल्यावर.

"माजा सातवा लंबर हाय," तिने मोबाईल आप्पासाहेबांपुढे धरला. "दहा वाजून एक मिनिट. वहीत सातवा ऱ्हातो व्हय? सांगा."

मग तिच्या मागे दुसरा मोबाईल वर झाला, तिसरा झाला. आप्पासाहेबांनी गर्दीवर नजर फिरवली, सगळे मतदारच होते. "चालू राहू द्या," ते पुटपुटले आणि वळले.

सुकन्याचे डोळे भरून आले. ती रंगुबाईला काही म्हणणार, तर बाईने तिलाच दरडावलं, "रडता काय? तुमच्या यंत्रावर ठिवता तशी ह्या वहीवाल्यांवर नजर ठिवा. अजून तोड व्हायचीय माझी."