एका स्क्रूवरची मूठ

मी एक जुनी मूठ आहे. दचकू नका मित्रांनो, कुणाच्या हाताची मूठ नव्हे. डिझेलच्या एका पिकअप गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढताना, समोरच्या काचेलगतच्या खांबावरची जी धरतात, ती मी. गॅरेजमधले लोक मला हँडल म्हणतात. म्हणजे, कधी नाव घेतलेच तर.

माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. त्यात माझा काय दोष? माणसे मजेत असली की मला विसरतात आणि घाबरली की घट्ट धरतात. जन्मभर घाबरलेल्या हातांशीच गाठ पडली, तर दुसरा स्वभाव येणार कुठून?

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाच्या पट्टीवर वितळलेले काळे प्लॅस्टिक ओतले, दोन टोकांना दोन भोके ठेवली आणि मी तयार झाले. दोन भोकांत दोन स्क्रू आणि ते दिसू नयेत म्हणून वर दोन झाकणे, एवढाच माझा संसार.

तरुणपणी आमची गाडी कपड्यांचे गठ्ठे वाहायची. मालकीण शिवणकाम करणारी. गाडीत चढताना तिच्या बोटातले, सुई टोचू नये म्हणून घातलेले टोपण माझ्यावर टक् वाजायचे. तो आवाज ऐकला की मला बरे वाटे. बटण शिवून झाले की ती ते हमखास ओढून बघायची. हाताखालच्या बायकांना म्हणायची, "दिसायला सगळेच टाके चांगले गं. ओढल्यावर कळतं." भाऊ-भावजय गेल्यावर त्यांचा मुलगा तिनेच वाढवला. त्याची ती आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते.

पुढे भाचा मिस्त्री झाला, त्याने स्वतःचे गॅरेज काढले. आत्याने ही जुनी गाडी त्याला देऊन टाकली आणि त्याने तिचे रूपच पालटले. इंजिनात हवा कोंबणारा भलामोठा टर्बो बसवला. डिझेलचा मारा वाढवला. हातभर रुंद टायर घातले आणि गाडी एवढी उंच केली, की मला धरल्याशिवाय आत चढणे कुणालाही जमेना. लोक बघायला येऊ लागले. बॉनेट उघडले की टर्बोचे कौतुक, वाकले की टायरचे कौतुक. मला धरूनच वर चढायचे आणि आत बसून टर्बोचे गुण गायचे. कामापुरता मामा, दुसरे काय!

मिस्त्री मात्र कामाला चोख, हे मान्य केलेच पाहिजे. बोल्ट आवळला की त्यावर तो पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा. रेघ असली म्हणजे काम पक्के. इंजिनात अशा रेघाच रेघा होत्या. माझ्या वाट्याला एकही नाही, कारण मी इंजिन नाही ना!

एकदा त्याला नवा काटा बसवायचा होता. इंजिनातून निघणारा धूर किती तापला, ते दाखवणारा. त्याची वायर माझ्या मागून न्यायची, म्हणून मला काढले. परत लावताना एक स्क्रू हातातून निसटला आणि सीटखाली घरंगळला. मिस्त्रीने वाकून बघितले, हात घातला, सापडला नाही. एका स्क्रूवर मला बसवले, रिकाम्या भोकावरही झाकण दाबले आणि म्हणाला, "उद्या लावू."

मित्रांनो, त्या झाकणामुळे मी बाहेरून अगदी पूर्वीसारखी दिसत होते. आत माझी काय अवस्था होती, ते मलाच ठाऊक. गाडी सुरू झाली की मी थरथरे. दुसरा दिवस आला आणि गेला. आणखी बरेच दिवस गेले. मिस्त्रीचा 'उद्या' काही उगवला नाही.

अशातच गावाबाहेरच्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर गाड्या पळवायचे ठरले. कुणाची किती पळते ते बघायचे. शेजारी बसून काट्यावर नजर ठेवायला गॅरेजमधला रंगारी येणार होता. ऐनवेळी तो तापाने आडवा झाला. मिस्त्री हिरमुसून बसला, तशी डबा घेऊन आलेली आत्या म्हणाली, "काटाच बघायचाय ना? मी बघते."

"आत्या, चेष्टा नको. गाडी भयंकर पळते."

"पळू दे की. अजून सुईत दोरा मी एका दमात ओवते. काटा तर केवढा मोठा आहे!"

"बरं. काटा लाल पट्टीत शिरला की फक्त 'लाल' म्हणायचं. दुसरं काही बोलू नकोस. मी लगेच पाय काढीन. नाही काढला तर इंजिन जळेल."

टक्! किती वर्षांनी ते टोपण माझ्यावर वाजले. पण या वेळी माझा जीव टांगणीला लागला. आत्याने माझ्यावर सगळा भार टाकला आणि वर चढली. मी कसाबसा तग धरला. पट्टा बांधून तिने मला पुन्हा धरले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की आत्या, बटण ओढून बघतेस तसे मलाही बघ ना! पण मुठीला तोंड कुठले?

निशाण पडले. आधी क्षणभर काहीच झाले नाही. मग टर्बोची शीळ ऐकू आली. ती चढत चढत गेली आणि मागून कुणीतरी प्रचंड धक्का दिल्यासारखी गाडी सुटली. आत्या सीटला चिकटली. काळा धूर मागे पडला, दोन्ही बाजूंची माणसे पुसट झाली. खोटे कशाला बोलू, भीतीने अर्धमेली झालेल्या मलाही मजा वाटली. आत्या तर लहान मुलीसारखी हसत होती. हसता हसता तिने मला आणखी जोरात ओढले.

कर्र!

एकुलता एक स्क्रू उखडला आणि मी खांबापासून सुटून तिच्या हातात आले. ती मागे आपटली. आता ही किंचाळणार, मिस्त्री दचकून इकडे बघणार आणि या वेगात गाडी उलटणार. सगळे माझ्यामुळे! मी त्या दोघांचे मरण डोळ्यांपुढे बघितले.

पण आत्या किंचाळली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितले, मला मांडीवर ठेवले, पाय घट्ट रोवले आणि नजर पुन्हा काट्यावर नेली. तिचा हात माझ्यावरच होता. टोपण माझ्यावर रुतेल इतके तिने मला घट्ट धरले होते.

"लाल," ती म्हणाली. शांतपणे.

मिस्त्रीने पाय काढला. गाडी हळूहळू थांबली. लोक टाळ्या वाजवत धावत येत होते. "आत्या, बघितलंस किती पळाली?" असे म्हणत तो हसत वळला आणि तिने मला त्याच्या हातावर ठेवले.

त्याने रिकाम्या भोकावरचे झाकण नखाने काढले. तो पांढराफटक पडला.

"तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते, तर तू माझ्याकडे बघितलं असतंस."

टाळ्या वाजवणारे खिडकीशी आले. त्याने कुणाकडेच पाहिले नाही. तो खाली उतरला, वळसा घालून आत्याच्या दाराशी आला. उतरायला मी नव्हते. तिने त्याचा खांदा धरला.

पाय जमिनीला लागल्यावर ती म्हणाली, "मजा आली रे! हे नीट लाव, मग परत जाऊ." तेव्हा कुठे त्याला रडू फुटले.

आता माझ्यात दोन्ही स्क्रू आहेत आणि दोन्हींवर पिवळी रेघ आहे. ती दिसावी म्हणून मिस्त्रीने झाकणे टाकून दिली. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. टर्बोचे कौतुक खुशाल करा, पण ज्याला धरून चढता त्याच्याकडेही कधी बघा आणि त्याचे काम उद्यावर टाकू नका.

आत्या अजूनही गाडीत बसते. पण चढण्याआधी मला एकदा जोरात ओढून बघते. मिस्त्री बाजूला मान खाली घालून उभा असतो आणि तिचे ओढून होईपर्यंत खांदा पुढे करून ठेवतो.