मास्तरांची घोंगडी विलायतेत

मित्रांनो, मी घोंगडी आहे. काळ्या लोकरीची, पांढऱ्या किनारीची आणि आता वयाने जुनी. माझ्यासारख्या घोंगड्या नगर जिल्ह्यात घरोघरी आहेत. पण आगबोटीत बसून विलायतेला जाऊन परत आलेली बहुधा मी एकटीच. हे ऐकून माझा हेवा करू नका. तिथे काय झाले ते आधी ऐका.

माझा जन्म मिरजगावचा. कारभारी नावाच्या धनगराने आपल्या मेंढ्यांची लोकर कातरली, त्याच्या बायकोने, छबूबाईने, ती पिंजून सूत काढले आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या कारभाऱ्याने मागावर मला विणले. चिंचोक्याची खळ देऊन मला उन्हात ताणून वाळवले तेव्हा मी पत्र्यासारखी ताठ झाले होते. गावच्या शाळेत तेव्हा एलिया मास्तर शिकवत. त्यांनी मला घरी नेले. पुढे त्यांची बदली नेवाशाजवळच्या एका गावी झाली, तिथेही मी त्यांच्या खांद्यावरूनच गेले. मास्तरांची छाती नाजूक होती. थंडीत त्यांना खोकला धरायचा. पहाटे प्रार्थनेला बसताना ते मला कानापर्यंत ओढून घेत. अंगावर ऊब धरणे एवढेच माझे काम, आणि ते मी मन लावून करत असे.

मास्तरांना एकच मुलगी, दीना. ती नगरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. सन १९४६ मध्ये तिची विलायतेतल्या शिक्षिकांच्या कॉलेजात दोन वर्षांसाठी निवड झाली. निघायच्या दिवशी मास्तरांनी मला तिच्या वळकटीत घातले.

"बाबा, थंडीत तुम्ही काय पांघराल?" दीनाने विचारले.

"मला गोधडी आहे. तिकडची थंडी वेगळी असते म्हणतात."

मास्तरांची बायको मार्थाबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "ने गं दीने. न्हाईतर हे स्टेशनापतूर मागं पळत येत्याल."

सगळे हसले. मीही खूश होते. त्या वेळी मला काय ठाऊक!

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका धुरकट शहरात, एका बाईच्या घरी वरच्या मजल्यावर दीनाला खोली मिळाली. त्या खोलीत आणखी एक विद्यार्थिनी होती, हेलन नावाची. ती अमेरिकेहून इतिहास शिकायला आली होती. लढाई संपून वर्ष उलटले होते, तरी पाव, साखर, कोळसा सारे रेशनवर होते. सकाळी उठून रांगेत उभे राहायचे, मग ट्रामने कॉलेज, दुपारी उकडलेला कोबी आणि अंड्याच्या भुकटीचे आम्लेट. आठवड्यातून एकदा आंघोळ. हेलनला हे सारे दीनाइतकेच नवे होते. इंग्रजी तिची स्वतःची भाषा, तरी दुकानदार तिचे बोलणे ऐकून हसत. "तुमच्या देशात काय, सगळंच मिळतं," असे लोक तिला तोंडावर म्हणत. घरून तिला खाऊचे डबे येत. ती ते घरमालकिणीला आणि दीनाला वाटून टाकी, आणि नाताळच्या दिवशी मात्र दाराकडे पाठ करून रडत बसली.

पहिल्याच आठवड्यात घरमालकीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "या कांबळ्याला मेंढीचा वास येतो. हे बाहेर ठेवा."

दीना खाली मान घालून माझी घडी करू लागली. तेव्हा हेलनने मला उचलून नाकाशी धरले. "आमच्या घरी दोनशे मेंढ्या आहेत," ती म्हणाली. "हे बाहेर जाणार असेल, तर मीही बाहेर झोपते." मी खोलीतच राहिले.

१९४७ च्या जानेवारीत बर्फ पडू लागले आणि दोन महिने ते हटले नाही. नळ गोठले. कोळसा संपला. गॅसची शेगडी नुसती निळी मिणमिणायची. वर्गात मुली कोट घालून बसत आणि दौत तळहातांत चोळून गोठलेली शाई पातळ करत. संध्याकाळी दीना आणि हेलन एकाच खाटेवर बसून मला दोघींवर घेत आणि अभ्यास करत.

घरची पत्रे हा दीनाचा आधार होता. ती पत्र मोठ्याने वाची आणि हेलनला अर्थ सांगे. मास्तरांचे पत्र म्हणजे प्रश्नच प्रश्न असत. काय जेवलीस? पायात मोजे घालतेस का? वर्गात किती मुली? कुणी टाकून बोलतं का?

फेब्रुवारीच्या शेवटी एक पत्र आले. अक्षर वेगळे होते. "हाताला लागले आहे म्हणून शेजारच्या सत्यवान मास्तरांकडून लिहून घेत आहे. सर्व क्षेम. अभ्यास कर." पुढचे पत्रही तसेच आले. त्याच्या पुढचेही.

एके दिवशी हेलन म्हणाली, "दीना, रागावू नकोस. तुझे वडील आता तुला काहीच विचारत नाहीत."

 दीनाने माझी किनार मुठीत घट्ट धरली.

"तार कर. सरळ विचार," हेलन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीना कोटावर मला लपेटून बर्फातून पोस्टात गेली. तिने फॉर्म घेतला आणि लिहिले, 'बाबा कसे आहेत खरे कळवा.' रांग पुढे सरकली. तिची पाळी आली. तिने तो फॉर्म चार तुकडे करून कोटाच्या खिशात घातला आणि बाहेर पडली.

दोन-तीन दिवसांनी हेलनने विचारले तेव्हा ती म्हणाली, "केली तार. बरे आहेत."

त्यानंतर ती अभ्यासाला अशी लागली की मान वर करीना. ऑगस्टात हिंदुस्थान स्वतंत्र झाला, कॉलेजातल्या मुलींनी तिचे अभिनंदन केले. पत्रे येत राहिली, सर्व क्षेम म्हणत राहिली. १९४८ च्या जूनमध्ये ती पहिल्या वर्गात पास झाली. बंदरावर निरोप देताना हेलनने तिला मिठी मारली आणि विचारले, "ती तार तू केली नव्हतीस ना?" दीनाने नाही म्हणून मान हलवली. 

गावी पोहोचलो तेव्हा मार्थाबाई अंगणात होती. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. दीनाने ओसरीवर वळकटी टाकली आणि विचारले, "कधी?"

"सोळा-सतरा म्हैने झालं," मार्थाबाई म्हणाली. "तू गेलीस त्याच हिवाळ्यात. छातीत कफ धरला, आठ दिवसांत आटपलं. जाताना म्हनले, तिला कळवू नका, शिक्षान सोडून येईल. मला कुठं लिवता येतं? पत्रं लिवा म्हनून मी सत्यवान मास्तरांच्या पाया पडले."

मित्रांनो, छातीत कफ धरला! मी ते ऐकले. त्या आठ दिवसांत मी कुठे होते? सातासमुद्रापलीकडे दोन मुलींच्या गुडघ्यांवर. ज्यांनी मला घरी आणले होते, ते गोधडीत कुडकुडत गेले.

"मला परकी केलंत तुम्ही!" दीना ओरडली. "माझ्या बापाला माती द्यायचा हक्क होता मला!"

मार्थाबाईने पदराने तोंड झाकून घेतले. तिचे खांदे हलताना पाहून दीना खाली बसली. मग हळूच म्हणाली, "आई, मला कळलं होतं. दुसऱ्याच पत्राला कळलं. विचारलं असतं तर परत यावं लागलं असतं. म्हणून मी विचारलं नाही."

मार्थाबाईने पदर काढून लेकीकडे बघितले. ती रागावली नाही, जवळही आली नाही. आत जाऊन तिने भाकरी टाकल्या.

आता दीना याच गावच्या शाळेत शिकवते. लोक तिला मान देतात. मला मात्र ती अंगावर घेत नाही. लोकर खाणाऱ्या कसरीने मला दोन ठिकाणी खाल्ले तेही तिने पाहिले, आणि घडी तशीच ठेवली. परवा तिने आईपुढे पाटी ठेवली. म्हणाली, "आई, मी तुला लिहायला शिकवते. अवघड नाही."

मार्थाबाईने पाटी जरा बाजूला सारली.

"आता कुनाला लिवू गं मी?" ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, कडुनिंबाचा पाला घाला, एवढ्याने माझे भागते. माणसाचे एवढ्याने भागत नाही. तुमचे कुणी दूर असेल आणि मनात शंका आली, तर त्याच दिवशी विचारा. उत्तर कितीही वाईट असो, विचारा. दीना चांगली मुलगी आहे. तिने फक्त विचारले नाही.